आत्याविना उंदीर

माणसाने शेती शोधली ती भुकेपोटी, पण घर बांधलं ते भीतीपोटी. दरवाजे, कुलपं, कायदे, कुंपणं ही सगळी भीतीची लेकरं आहेत, आणि ज्या दिवशी भीतीची आठवण मेंदूत नेमकी कशी टिकते हे आपल्याला कळेल, त्या दिवशी मानवजात खऱ्या अर्थाने स्वतंत्र होईल.

हे वाक्य सरांचं. दर सोमवारी प्रयोगशाळेच्या बैठकीत ते उभे राहून म्हणत, आणि 'स्वतंत्र'पर्यंत पोचायच्या आत व्हरांड्यातून टाचांचा टकटक आवाज आला तर उरलेलं वाक्य गिळून खाली बसत. टाचा संचालक बाईंच्या असत. बाई सरांना कधी कठोर शब्द बोलल्या नव्हत्या. फक्त एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, त्या अशाच टकटक करत आल्या होत्या आणि सरांची खिडकीवाली खोली दुसऱ्या विभागाला देऊन तशाच टकटक करत गेल्या होत्या. बाई ती गोष्ट केव्हाच विसरल्या. सरांच्या गुडघ्यांच्या मात्र अजून लक्षात होती. भीतीचं असंच असतं. घाबरवणारा विसरतो, आवाज लक्षात राहतो.

सर याच गोष्टीचा अभ्यास करत. स्वतःवर नव्हे, उंदरांवर.

त्यांच्या हाताखाली दोघी होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. दोघी एकमेकींच्या कोणी लागत नव्हत्या. आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी, इतकंच. पण जावांसारखी भांडणं आणि बहिणींसारखा समेट असं दोन्ही रोज चालू असल्यावर आणखी वेगळ्या नावांची कोणाला गरज वाटली नाही. थोरली उंदरांच्या झोपेवर काम करायची. उंदीर झोपतात कसे ते जागं राहून बघायचं, असं ते काम होतं, आणि त्याचा तिच्या स्वभावावर जो परिणाम व्हायचा तो झाला होता.

धाकटीचं काम भीतीचं. तिच्याकडे एक छोटी पेटी होती. तिची जमीन म्हणजे पोलादी गजांची जाळी. उंदराला आत ठेवायचं, एक बारीक, उंच आवाज ऐकवायचा, 'टीं', आणि आवाज संपता संपता गजांतून पायाला विजेचा हलकासा चिमटा. उंदीर शहाणा प्राणी, त्याला शिकवणी लागत नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं 'टीं' झालं की तो जागच्या जागी थिजतो. मिशीसुद्धा हलत नाही. मग तोच आवाज चिमट्याशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला की हळूहळू तो सैलावतो, अंग झाडतो, मिशा पुसतो, कामाला लागतो. तो विसरला असं आपण म्हणतो, पण तो विसरत नाही. 'हा आवाज वाईट' या जुन्या धड्यावर 'हल्ली याने काही होत नाही' असा नवा धडा बसतो. आणि हा नवा धडा बसायला मेंदूत एक चिमुकला आरएनए लागतो, असं धाकटीचं म्हणणं होतं.

"म्हणजे तू दिवसभर काय करतेस?" आईने एकदा विचारलं. धाकटी आईजवळच राहायची.

"उंदरांना घाबरवते. आणि मग त्यांची भीती घालवते."

"दोन्ही करू नकोस ना. उंदीर होते तिथेच येतील."

धाकटीने हातातला कप खाली ठेवला. "आई, नीट ऐक. पेशीच्या आत एक स्वयंपाकघर आहे असं समज. आतल्या कपाटातून चिठ्ठ्या येतात, आज हे करा, उद्या ते करा. स्वयंपाकघरात चिठ्ठी पोचली की तो पदार्थ झालाच. बरोबर?"

"पुढे."

"पण दाराशी एक बारकंसं कोणीतरी उभं असतं. ते स्वतः काहीच रांधत नाही. फक्त येणाऱ्या चिठ्ठ्या बघतं आणि एखादी धरून ठेवतं. म्हणतं, हे पुरे झालं आता, हे आज करायचं नाही. त्याच्या एका नकारावर सगळ्या घरात काय शिजतं ते ठरतं."

"म्हणजे तुझी आत्या," आई म्हणाली.

धाकटीच्या आत्याची उंची फडताळाच्या मधल्या फळीएवढी होती. उभ्या आयुष्यात तिने चहासुद्धा केला नव्हता. पण माहेरी आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहायची आणि नुसतं "पुरे" म्हणायची. तिच्या त्या एका शब्दाने तीन सुनांची पातेली चुलीवरून उतरलेली होती.

"अगदी तीच," धाकटी म्हणाली. "मेंदूत ती जुन्या भीतीच्या चिठ्ठ्या अडवते, म्हणून नव्या धड्याला जागा होते. मी काही उंदरांमध्ये तिचे हात बांधते. तिच्या बरोबर उलट्या घडणीचा एक धागा सोडला की तो तिला जाऊन चिकटतो, सोडत नाही."

"तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं हे," आई म्हणाली, "त्यांनी जन्मभर प्रयत्न केला."

दुसऱ्या दिवशी धाकटीने ही गोष्ट थोरलीला सांगितली, आणि त्या आरएनएचं जे अक्षरं नि आकडे मिळून झालेलं लांबलचक नाव होतं ते प्रयोगशाळेतून कायमचं गेलं. सगळे 'आत्या' म्हणू लागले. उंदरांच्या दोन जाती झाल्या. आत्यावाले, म्हणजे साधे. आणि आत्याविना, म्हणजे हात बांधलेले. सरसुद्धा बैठकीत गंभीरपणे विचारायचे, "आत्या नसताना काय दिसतंय?"

जे दिसत होतं ते बरं नव्हतं.

आत्याविना उंदीर दुसऱ्या दिवशी आवाज ऐकून थिजायचे, आणि थिजलेलेच राहायचे. हे ठीकच होतं. पण साधे उंदीर, ज्यांनी आधी घाबरायचं आणि मग हळूहळू भीती सोडायची असा त्यांचा धर्म, ते दुसऱ्या दिवशी पेटीत यायचे, 'टीं' ऐकायचे आणि खुशाल शेपटी साफ करत बसायचे.

"जे घाबरलेच नाहीत, त्यांची भीती गेली असं म्हणायचं कसं?" सर म्हणाले. "कर्जच घेतलं नाही त्याने फेडलं म्हणून सत्कार करायचा?"

"पण सर, शिकवताना ते नीट घाबरतात. मी बघते ना. रात्रीतून काहीतरी होतं."

"चिमटा कमी पडत असेल."

म्हणून त्यांनी चिमटा तपासला. आधी धाकटीने गजांवर बोटं ठेवली आणि "आई गं" म्हणाली. मग थोरलीने ठेवली आणि जे म्हणाली ते इथे देता येत नाही. शेवटी सरांनी, शास्त्रज्ञाने निरीक्षणावर विश्वास ठेवावा, इतरांच्या आरोळ्यांवर नव्हे, असं म्हणून अख्खा तळवा ठेवला. त्यानंतर चिमट्याचा विषय निघाला नाही.

मग वासाचा संशय आला. थोरलीच्या केसांचं तेल बंद झालं. दिव्यांचा संशय आला, दिवे बदलले. उंदरांचा पुरवठादार बदलला. नवे उंदीरही शेपटी साफ करत बसले.

"महिन्याभरात कामाचा आढावा घ्यायला समिती येतेय," सरांनी एका दुपारी सांगितलं. बोलताना ते धाकटीकडे बघत नव्हते, टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. "बाहेरचे तज्ज्ञ आहेत, शिवाय बाई आहेत. साधे उंदीर असेच वागले तर आत्याचं काम बंद होईल. मग तुला झोपेकडे वळवावं लागेल."

"माझ्याकडे?" थोरली म्हणाली. "मला कोणी विचारलं?"

"तुला त्रास नाही होणार," धाकटी पडक्या आवाजात म्हणाली. "मी शांत बसेन."

"हाच तर त्रास. शांत माणसाशेजारी मला झोप येते."

तीन वर्षं धाकटीने त्या बारक्या आत्याच्या मागे घालवली होती. ती खरी आहे, दाराशी उभी आहे, हे तिला आतून पक्कं ठाऊक होतं. पण 'आतून ठाऊक आहे' हा पुरावा फक्त लग्नं जमवताना चालतो.

त्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा कोणाची सहानुभूती नको म्हणून धाकटी उंदरांच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. एरवी दुपारी तिथे कोणी जात नसे. चाचणीआधी उंदरांना शांतता हवी, असा सरांचाच नियम होता. खोलीत लाकडाच्या भुशाचा वास, पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्या चाटल्याचा टिकटिक आवाज, आणि दोन फळ्यांवर पिंजरे. वर आत्यावाले, खाली आत्याविना. खालचा एक कान खाजवत होता.

आणि भिंतीतून आवाज आला. टीं. टीं. टीं.

कान खाजवणारा थिजला. पाय वर तो वरच. त्याच्या शेजारचा दाणा तोंडाशी धरून थिजला. खालची अख्खी फळी शाळेत मुख्याध्यापक आल्यासारखी पुतळा झाली. वरच्या फळीवर कोणी मानसुद्धा वळवली नाही. एक जण शेपटी साफ करत होता.

धाकटी उठली. भिंतीपलीकडे जेवणाची खोली होती. तिथे थोरली नव्या मायक्रोवेव्हमधून आपला डबा बाहेर काढत होती. जुना मायक्रोवेव्ह 'टण्' करून थांबायचा. तो गेला, हा आला. हा काम झाल्यावर 'टीं' करायचा, आणि दार उघडेपर्यंत करत राहायचा.

"परत ठेव," धाकटी म्हणाली.

"गरम झालाय."

"डबा नको ठेवूस. पाणी ठेव. कपभर. मी पलीकडे जाते, फोन चालू ठेव."

"जेवू का आधी?"

"नको."

पुढचा अर्धा तास दोघींमध्ये भिंत आणि फोन होता.

"सोड आता."

"सोडलं. वाजतंय. काय झालं?"

"थिजले! परत."

"पाणी उकळलंय गं."

"दुसरं घे."

"तुझ्या उंदरांपायी माझा डबा गार झाला."

"वरच्यांना काहीच नाही, खालचे सगळे पुतळे! परत एकदा."

"हे बघ, मला एक सांग," थोरलीचा आवाज आला. "यात मी शास्त्रज्ञ आहे की उंदीर?"

धाकटीला सगळं एकदम दिसलं. पेटीतला आवाज आणि मायक्रोवेव्हचा आवाज जवळजवळ एकच. उंदरांना आज 'टीं' म्हणजे चिमटा असं शिकवायचं, आणि उद्या चाचणीच्या आधीच अख्खा विभाग पाळीपाळीने डबे गरम करणार. टीं, चिमटा नाही. टीं, चिमटा नाही. दुपार होईतो साध्या उंदरांची भीती जेवणाच्या खोलीनेच घालवलेली असायची. आणि आत्याविना उंदरांची जात नव्हती, कारण आत्याच नव्हती. म्हणजे प्रयोग फसला नव्हता. प्रयोग भिंतीपलीकडे, कोणी न सांगता, रोज जेवणाच्या वेळी यशस्वी होत होता.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"योगायोग हा विज्ञानाचा जावई आहे," ते म्हणाले. "मानपान करावा, पण घर नावावर करू नये. सिद्ध कर. मायक्रोवेव्ह बंद ठेव, मग साधे उंदीर दुसऱ्या दिवशी घाबरलेले दिसायला हवेत. आणि एका तुकडीने भागणार नाही. चार तुकड्या कर. प्रत्येक तुकडी शिकवायच्या दिवशी दुपारीच वरच्या मजल्यावरून खाली आण, म्हणजे आधी ऐकल्याचा प्रश्न नको."

"म्हणजे दोन आठवडे सगळ्यांनी गार जेवायचं?"

"विज्ञानासाठी माणसांनी याहून मोठे त्याग केलेत."

विभागाची सभा झाली. भीतीच्या रहस्यासाठी माणसं काय वाटेल ते करायला तयार होती, डबा गार खाणं सोडून. मायक्रोवेव्ह वरच्या मजल्यावर न्या, असं एक जण म्हणाला, पण वरच्या मजल्याने आमची वायर जळेल असं सांगून दार लावून घेतलं. आवाजच बंद करा, असं दुसरा म्हणाला. पुस्तिका शोधली. तिच्यात तेरा भाषांमध्ये लिहिलं होतं की तो आवाज ग्राहकाच्या सोयीसाठी आहे आणि बंद करता येत नाही. उंदरांचा आवाज बदला, असं तिसऱ्याने सुचवलं, तर सर म्हणाले, मग जुन्या तुकड्यांशी तुलना कशी करायची? शेवटी सर उभे राहिले आणि असं बोलले की थोरलीचेही डोळे पाणावले. निदान तिने ते पुसले. जिभेचे चोचले आणि सत्याचा शोध एका ताटात वाढता येत नाहीत, असं काहीसं ते वाक्य होतं. ठराव झाला. मायक्रोवेव्हची वायर काढली, दारावर चिठ्ठी लावली, आणि गारच जेवायचं तर निदान उन्हात जेवू म्हणून सगळे दुपारी गच्चीवर जाऊ लागले.

सर आपल्या खोलीतच जेवत. सोमवारी ते गार जेवले आणि थोर माणसाला शोभेल असा चेहरा करून बसले. मंगळवारी जेवायच्या वेळेला त्यांचा फोन वाजला. घरून होता.

"जेवलात?"

"बसतोच आहे."

"गरम करून?"

सरांनी डब्याचं झाकण परत लावलं. ते घरी खोटं बोलत नसत. तत्त्व म्हणून नव्हे. बोलले की पकडले जात.

"अहो, गरम करून ना? मागच्या वेळचं आठवतंय ना?"

मागच्या वेळी म्हणजे सरांनी कामाच्या नादात सकाळचा डबा संध्याकाळी तसाच गार खाल्ला होता आणि पाच दिवस इस्पितळात काढले होते. त्या पाच दिवसांत त्यांच्या बायकोने बाहेरच्या बाकावर बसून जे काही मनात आणलं, त्याची ती पुन्हा कधी वाच्यता करत नसे. फक्त फोन करायची.

"आत्ता करतो," सर म्हणाले.

आत्ता करतो म्हटलं की करायलाच हवं होतं. गच्चीवर हसण्याचा आवाज येत होता. सर जेवणाच्या खोलीत गेले, चिठ्ठी वाचली, तिच्यावरची स्वतःची सही वाचली, आणि वायर जोडली. डबा पाच कप्प्यांचा होता. सर मूळचे काटेकोर. ते प्रत्येक कप्पा वेगळा गरम करत, आणि एक आत असताना हात धुवायला जात. परत येईपर्यंत यंत्र ग्राहकाच्या सोयीसाठी वाजत राहायचं.

त्या दुपारी मंगळवारच्या तुकडीतले, म्हणजे सोमवारी दुपारी शिकवून मंगळवारी तपासायचे, साधे उंदीर पेटीत खुशाल बसले.

धाकटीने ते दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. बुधवारची तुकडी आली, तिचे साधे उंदीर नीट घाबरले, तिने उडी मारली. पुढच्या आठवड्यात गुरुवारची तुकडी, पुन्हा नीट घाबरली. शुक्रवारची तुकडी शेपटी साफ करत बसली.

"कोणीतरी चोरून गरम करतंय," थोरली म्हणाली.

"कोण करेल?"

"ज्याचं तोंड समाधानी दिसतंय तो."

दोघींनी विभागातली तोंडं बघून घेतली. सरांचं तोंड सगळ्यांत दुःखी होतं, म्हणून त्यांना यादीतून वगळलं. धाकटीने त्यांच्या खोलीत जाऊन विचारलंही, "सर, कोणी मायक्रोवेव्ह लावल्याचं तुमच्या कानावर आलं का?" सर तेव्हा स्टेपलर उघडून त्यात पिना भरत होते. तो आधीच भरलेला होता. "माझ्या कानावर?" ते म्हणाले. "नाही. कानावर नाही आलं." शब्दाला धरून पाहिलं तर हेही खोटं नव्हतं. आवाज सुरू झाला की ते हात धुवायला गेलेले असत.

ती गेल्यावर त्यांनी दोनदा खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन पाहिलं. दोनदा व्हरांड्यात टाचा वाजल्या आणि ते परत येऊन बसले. बाईंना कळलं तर? ठराव त्यांनीच मांडलेला, सही त्यांची, भाषण त्यांचं. खिडकीवाली खोली गेली होती, आता उरली ती बिनखिडकीची.

समितीचा दिवस उजाडला. लांब टेबल, पाण्याचे पेले. एका टोकाला संचालक बाई, मध्ये बाहेरून आलेले तज्ज्ञ. हे गृहस्थ फार म्हातारे होते आणि डोळे मिटून ऐकत. झोपेवर काम करणाऱ्या थोरलीने मागच्या रांगेतून त्यांच्याकडे बघून मत दिलं की हे झोपलेले नाहीत, पण सीमेवर आहेत.

धाकटीने सगळं मांडलं. भिंत, मायक्रोवेव्ह, चार तुकड्या. दोनदा घाबरले, दोनदा नाही.

"यंत्र बंद होतं हे नक्की?" मिटलेल्या डोळ्यांनी विचारलं.

"हो. दोन आठवडे सगळे गार जेवलो."

"सगळे?"

"आमची तोंडं बघा ना," थोरली मागून म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग यंत्राचा संबंध नाही. यंत्र बंद असूनही चारपैकी दोनदा असं आणि दोनदा तसं. याला आम्ही लहानपणी छापाकाटा म्हणायचो."

"पण बाई, आत्याविना उंदीर चारही वेळा घाबरले आहेत."

"कोणाविना?"

"आत्या, म्हणजे..." धाकटीचे कान लाल झाले. "तो छोटा आरएनए."

"कोणाची आत्या?"

"माझीच, बाई."

"हे बघ," बाई मायेनेच म्हणाल्या, "तू हुशार मुलगी आहेस. पण साधे उंदीर ज्या प्रयोगात धड वागत नाहीत, त्यात बिनआत्याचे कसे का वागेनात, त्याला अर्थ राहत नाही. हे काम इथे थांबवू. झोपेकडे माणूस हवाच आहे."

"नकोय," थोरली पुटपुटली.

धाकटीने मान हलवली. वाद घातला नाही. तिने पडद्यावरचं शेवटचं चित्र बंद केलं आणि प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागली. नीट गुंडाळत होती, कोपर आणि तळहाताच्या मधून, एकेक वेढा. सर ते बघत होते. बाई उठल्या. टक, टक. सरांचे गुडघे नेहमीप्रमाणे बसायला निघाले आणि त्यांना कळलं की आपण बसलेलेच आहोत. याहून खाली जायला जागा नव्हती. ते उभे राहिले.

"बाई, मी जेवलो."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

"गरम जेवलो."

 धाकटीच्या हातातला वेढा अर्धवट राहिला.

"वायर मी जोडली. पाच कप्पे, प्रत्येक वेगळा. वाजतही असणार बराच वेळ, मी हात धुवायला जातो. हिने मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. हिची चूक नाही. चूक माझी, आणि ती... ती रोजची नाही."

तज्ज्ञांचे डोळे उघडले. चांगले टपोरे होते. "कोणत्या वारी?"

"मंगळवारी. आणि शुक्रवारी."

"त्याच वारी का?"

"त्या दिवशी घरी तिला सुट्टी असते. म्हणजे बायकोला. सुट्टी असली की ती जेवायच्या वेळी फोन करते, गरम केलं का म्हणून. इतर दिवशी मी गार जेवलो. प्रामाणिकपणे."

"मुली," तज्ज्ञ म्हणाले, "तुझ्या कोणत्या तुकड्या घाबरल्या नाहीत?"

धाकटीला पडदा लावायची गरज पडली नाही. "मंगळवारची," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चिरकला, "आणि शुक्रवारची."

"आणि घाबरलेल्या?"

"बुधवार, गुरुवार."

"ही म्हणते यंत्र वाजलं की साध्यांची भीती जाते. यंत्र कधी वाजलं हे हिला ठाऊक नाही. उंदरांनी बरोबर वार सांगितले, आणि ज्यांच्यात ती आत्या नव्हती त्यांना तेच वाजणं ऐकूनही काही शिकता आलं नाही." म्हाताऱ्याने टेबलावर बोट आपटलं. "प्रयोग करणाऱ्याला उत्तर ठाऊक नसावं म्हणून लोक वर्ष वर्ष आखणी करतात हो. तुम्ही डबा घेऊन गेलात आणि आलात."

"चोरून," बाई म्हणाल्या.

"चोरून केलं म्हणूनच पक्कं झालं."

बाईंनी क्षणभर विचार केला. त्या संस्थेच्या प्रमुख उगीच नव्हत्या. "'चोरून' शब्द नको," त्या म्हणाल्या. "'पूर्वसूचनेविना' असं येऊ द्या. अजून काही तुकड्या करा, वेगळे वार घ्या, आणि काम चालू ठेवा. हिचं." मग त्या सरांकडे वळून दोन पावलं चालत आल्या. "तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली," सर म्हणाले.

"माझी?" बाईंना खरंच नवल वाटलं. "कशाबद्दल?"

सरांनी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ते अजून उभेच आहेत. त्यांनी मान हलवली. बाई हसल्या, तज्ज्ञांना चहाला घेऊन गेल्या. थोरलीने पुढे येऊन धाकटीच्या पाठीत धपाटा घातला, "सुटले बाई मी," असं म्हणाली आणि डोळे पुसले. या वेळी खरोखर.

 तीन वर्षांची आत्या दाराशी उभी होती, सगळ्यांनी बघितली होती. हे आता छापलं जाणार होतं. भीती कशी जाते, ती जायला कोण लागतं, आणि उद्या ज्या माणसांची भीती काही केल्या जात नाही त्यांच्यासाठी काही करता येईल का, असे सगळे प्रश्न या एका खोलीतून बाहेर पडणार होते.

"सर, तुम्ही... थँक यू, सर."

सर तिच्याजवळ आले. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग थोरलीकडे, आणि आवाज खाली आणला.

"निबंध लिहिशील ना, त्यात मंगळवार-शुक्रवार खुशाल घाल, माझं नाव घाल, हवं तर 'चोरून'ही घाल. पण बुधवारी आणि गुरुवारी मी गार जेवलो, एवढं तेवढं गाळता आलं तर बघ हं. घरी वाचले जातात माझे निबंध."